भाऊजींचा आकडा

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. मी तुमच्याहून चारच वर्षांनी मोठी, पण दिराला आशीर्वाद द्यायचा हक्क मी काही सोडणार नाही.

आज तुमचा आकडा सहाने वाढला. तुमचे दादा होते तेव्हा हे काम त्यांचं होतं. सकाळी दाढीच्या आधी कॉम्प्युटर लावायचा, तुमच्या नावाचं ते पान उघडायचं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायचं, धाकट्याचा आज दोनने वाढला. जगात कुठल्याही शास्त्रज्ञाने आपल्या लेखात तुमच्या लेखाचा हवाला दिला की तुमचा आकडा एकाने पुढे सरकतो, एवढं मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या आजारपणात मी बघून सांगायचे. ते गेल्यावर बरेच दिवस मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. मग एका सकाळी वाटलं, तिकडे भाऊजींचं काय चाललंय ते आता कोण बघणार? तेव्हापासून मी पुन्हा बघते. पानावरचं बाकी काही मला कळत नाही. लेखांची नावं वाचताना जिभेची कसरत होते, त्यात 'किडनी' एवढा एकच शब्द ओळखीचा भेटतो.

शेजारीण परवा मला कॉम्प्युटरसमोर बघून म्हणाली, या वयात आकडा लावायला लागलात की काय. मी म्हटलं, लावत नाही, दिराचा नुसता बघते. तिला ते फारसं पटलं नसावं.

नवा लेखही दिसला. यादीत सगळ्यात वर, आणि त्यात तुमचं नाव सगळ्यात शेवटी. शेवटचं नाव म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाचं, हेही यांनीच सांगितलं होतं. म्हणजे प्रयोगशाळा जोरात चालली आहे तर. तुमच्या पेशी जेवल्या का? आपल्या बंड्याच्या लग्नाला तुम्ही सकाळी आलात आणि संध्याकाळच्या गाडीने परत पळालात, कारण पेशींना दिवसाआड खायला घालावं लागतं. माझ्या माहेरची माणसं अजून विचारतात की तुमच्या दिराने तिकडे पाळलंय तरी काय.

माझं ठीक. घर भरलेलं असतं, कोणी ना कोणी येतंच. कान तेवढा आणखी उतरला आहे. फोनवर समोरचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो, तेव्हा पत्रच लिहा. मोबाइलवर 'ठीक आहे' एवढंच पाठवता ते मला चालायचं नाही, तेवढं तर दारावरचा पोस्टमनही सांगेल. मागच्या खोलीला रंग काढला आहे. पांढरा. उगीच आपला.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. मोबाइलवर मी एका बोटाने टाइप करतो, त्यामुळे 'ठीक आहे' लिहिता लिहिताच ठीक नसल्यासारखं होतं. म्हणून हे पत्र.

माझ्या आकड्यावर तुम्ही नजर ठेवून आहात हे वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं. इथे संस्थेत एक पूर्ण कचेरी हेच काम करते. कोणाचे लेख किती, हवाले किती, कोण वर गेला, कोण जागेवर राहिला. फरक एवढाच की त्या कचेरीतलं कोणी पेशी जेवल्या का असं विचारत नाही. पेशी मजेत आहेत. माझ्यापेक्षा वेळेवर जेवतात.

माझी बसायची जागा बदलली आहे. आता तळमजल्यावर, ग्रंथालयाच्या मागे बसतो. शेजारी झेरॉक्सचं मशीन आहे, त्यामुळे थंडीत ऊब मिळते. खिडकी उंचावर आहे, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. आता बुटांवरून माणूस ओळखायला लागलो आहे. संचालकांच्या बुटाची एक टाच झिजलेली आहे, हे संस्थेत मला एकट्यालाच माहीत असेल. वरच्या मजल्यावरची धावपळ या वयात नकोच होती, तेव्हा तसं सोयीचंच झालं म्हणायचं.

मागच्या खोलीला रंग काढलात ते उत्तम. पाहुण्यांची सोय होईल. तुमच्याकडे माणसांचा राबता आहे हे वाचून मन निश्चिंत झालं. दादा गेल्यावर तुमचं कसं होईल याची मला काळजी होती. मी वर्षातून एकदा यावं असं फार वाटतं, पण तुम्हाला माहीत आहे, इकडचं सोडून निघणं जमत नाही. सध्या जरा खोकला आहे. ऋतूच तसा आहे.

तुमचा,
धाकटा


२८ मार्च

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद आणि अभिनंदन.

तुमच्या पत्राला मी लगेच कार्ड टाकलं होतं, खोकल्याला काढा घ्या म्हणून. त्याचं उत्तर नाही. मोबाइलवरून विचारलं, तर तिथेही तुमचं ते 'ठीक आहे' आलं नाही. मग मात्र जिवाला घोर लागला. बंड्याला सांगावं म्हटलं, तर तो म्हणणार, आई, काका आयुष्यात कधी वेळेवर बोलले आहेत का? आणि ते खरंच आहे.

मग काल सकाळी आकडा पाहिला आणि जीव भांड्यात पडला. एका आठवड्यात एकवीस! एवढी उडी यांच्या काळातसुद्धा कधी मारली नव्हती. म्हटलं, स्वारी कामात बुडालेली दिसते. शेजारणीला चहाला बोलावलं आणि ते पान दाखवलं. ती म्हणाली, एवढी माणसं तुमच्या दिराचं नाव घेतात, मग ते सांभाळून असतीलच. मलाही तेच वाटलं.

आता एक कामाचं. घरमालकांनी विचारलंय की जागा पुढे ठेवणार की सोडणार. एप्रिलच्या मध्यापर्यंत सांगायचं आहे. बंड्या दोन वर्षं मागे लागला आहे की आई, आमच्याकडे ये. मी आजवर हो म्हटलं नाही. एकटीला दोन खोल्या आणि वर एक मागची खोली कशाला हवी, असं तो म्हणतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

भाऊजी, तुम्ही काम थांबवल्यावर कुठे राहायचं ते ठरवलं आहे का? सहज विचारते. मागची खोली रिकामी आहे, पूर्वेची खिडकी आहे, आणि मला ऐकू कमी येतं त्यामुळे माझी वटवट सोसायला तुम्हाला त्रास नाही, तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. तुमचं काम मोठं, ते सोडून या असं मी म्हणणार नाही. फक्त यायचं मनात असेल तर दोन ओळी टाका, म्हणजे मी जागा ठेवते.

मधे एकदा दुपारी फोनवर अनोळखी नंबर दिसला, लागोपाठ. कानाचं यंत्र काढून पडले होते. विमेवाले असतील.

तुमची,
वहिनी


२१ एप्रिल

भाऊजी,

घरमालकांना सांगून टाकलं. मे संपायच्या आत जागा सोडते आणि बंड्याकडे जाते.

तुमचं उत्तर आलं नाही, पण रागावले नाही. उत्तर रोज सकाळी मिळतच होतं. काल अकरा, आज चार. ज्याचा आकडा असा चढतो आहे तो माणूस माझ्या मागच्या खोलीत येऊन कशाला बसेल? मी विचारलं हेच जरा खुळ्यासारखं झालं. तुम्हाला नाही म्हणायला जड गेलं असेल. मनाला लावून घेऊ नका.

सामान आवरते आहे. यांची पुस्तकं वाचनालयाला दिली. कॉम्प्युटर बंड्या म्हणतो जुना झाला, टाकून दे. मी तो बरोबर नेणार आहे. नवा पत्ता मागे लिहिला आहे.

वहिनी


९ मे

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. तुमची दोन्ही पत्रं आणि ते कार्ड आज एकदम हातात पडलं. खालच्या पेटीत विजेचं बिल आणि जाहिरातींच्या गठ्ठ्यात दबून होतं. मी मार्चच्या मध्यापासून घरी नव्हतो. इस्पितळात होतो.

तो खोकला न्यूमोनिया निघाला. जिन्यावर चक्कर येऊन बसलो, तिथून खालच्या औषधवाल्याने गाडीत घालून नेलं. पहिले काही दिवस मला आठवत नाहीत. मोबाइल घरातच राहिला होता. तिथे विचारलं, जवळचं कोण? मी दादाच्या घरचा नंबर सांगितला, तोच एक पाठ होता. त्यांनी केला, कोणी उचलला नाही. ते विमेवाले नव्हते, वहिनी.

आकड्याने ती एकवीसची उडी मारली तेव्हा माझ्या नाकात नळी होती. कोणीतरी आमच्या विषयाचा मोठा आढावा छापला आणि त्यात माझे जुने सगळे लेख एका रांगेत घातले, एवढंच ते. मी जिवंत आहे की नाही याची चौकशी करायची त्यांना गरज नव्हती. त्या पानाला मी लागतच नाही. आम्ही आज केलेलं काम छापून यायला दीड-दोन वर्षं जातात आणि मग त्याचे हवाले येतात. तुम्ही फेब्रुवारीत पाहिलात तो नवा लेख फार मागच्या कामाचा. माझी प्रयोगशाळा गेल्या जूनमध्येच बंद झाली.

आता लिहायलाच बसलो आहे तर सगळं लिहितो. अनुदान पुन्हा मिळालं नाही. समितीचं म्हणणं, हवाले भरपूर आहेत पण जुन्या लेखांचे आहेत. खोली एका तरुण बाईंना दिली, हुशार आहे, तिचा दोष नाही. मला 'मानद' हा शब्द आणि झेरॉक्सशेजारचं टेबल दिलं. पेशी कोणाला हव्यात का म्हणून मी सगळीकडे विचारलं. दोघांनी थोड्या नेल्या. बाकीच्या एका सोमवारी मी स्वतः वाफेच्या भांड्यात ठेवून झाकण लावलं, दुसऱ्या कोणी लावण्यापेक्षा बरं. त्या मेल्यावर दुसऱ्या दिवशी सवयीने त्यांना खायला घालायला निघालो होतो, वरच्या मजल्याच्या दारापर्यंत गेलो आणि माझं कार्ड दाराला चालेना.

इस्पितळात एक गंमत झाली. तरुण डॉक्टर माझा कागद वाचून म्हणाला, म्हणजे ते तुम्हीच का? माझ्या प्रबंधात तुमच्या लेखाचा हवाला आहे. एवढ्या वर्षांत हवाला देणारा माणूस समोर उभा राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी विचारलं, कसा वाटला लेख? तो चांगला मुलगा होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, "सर, गोषवारा वाचला होता."

वहिनी, मला यायचं होतं. गेल्या जूनपासून यायचं होतं. दोनदा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. दादाला मी आकड्यातला भाऊ म्हणून माहीत होतो, तुम्हालाही. पेशी मजेत आहेत असं मी फेब्रुवारीत लिहिलं तेव्हा त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. काम गेलेला माणूस तुमच्या दारात पिशवी घेऊन उभा राहणार, हे मला लिहवेना. तुमच्याकडे माणसांचा राबता आहे असं तुम्ही लिहिलं होतं, त्यात मी कशाला, असंही वाटलं.

आता जागा गेली असेल. बंड्याकडे तुम्ही सुखात राहाल. मी आता चालतो-फिरतो, जिना मात्र थांबून थांबून चढतो.

तुमचा,
धाकटा


२४ मे

भाऊजी,

आशीर्वाद नंतर. आधी बोलणी खा.

तुमचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि तिथून फिरून इथे आलं. मी तीनदा वाचलं आणि तुमचा इतका राग आला की सूनबाईने विचारलं, आई, कोणाचं काय झालं? मी म्हटलं, कोणाचं काही नाही, दीर जिवंत आहे. ती गोंधळली.

मी इथे शेजारणीला चहा पाजत होते आणि तिकडे तुम्ही नळी लावून पडला होता. रोज सकाळी मी कोणाची खुशाली बघत होते? मेलेल्या पेशींची? मला आता त्या पानाची शिसारी येते. यांनाही तेच पान दाखवत राहिलात. हे शेवटच्या आजारातसुद्धा विचारायचे, धाकट्याचा किती झाला. मी सांगायचे. त्यांना वाटायचं, तो तिकडे मजेत आहे, त्याला कशाला बोलवायचं. आणि तुम्हाला वाटायचं, बोलावत नाहीत म्हणजे गरज नाही. तुम्ही दोघं भाऊ एका माळेचे मणी.

माझंही चुकलं, ते मी कबूल करते. मागच्या खोलीला रंग 'उगीच आपला' कोणी काढत नाही. तो तुमच्यासाठी काढला होता. पलंगाची जागासुद्धा ठरवली होती, उशाशी खिडकी येईल अशी. पण ज्याला जगभरची माणसं मानतात त्याला म्हातारीने कसं अडवायचं, म्हणून तो आकडा बघून मी जीभ आवरली. आणि राबता कसला? यांना जाऊन वर्ष झाल्यावर माणसं यायची थांबली. शेजारीण आणि पोस्टमन, एवढाच राबता.

आता ती जागा दुसऱ्यांना गेली. नवरा-बायको आणि एक तान्हं आहे, मागच्या खोलीत पाळणा लावणार म्हणत होते. इथे बंड्याच्या घरात मीच नातीच्या खोलीत तिच्या अभ्यासाच्या टेबलापलीकडे झोपते, तुम्हाला इथे बोलवायला माझ्याकडे कोपरा नाही. मी घरमालकांना कळवलं आणि तुमचं पत्र आलं, यात पाच आठवड्यांचा फरक पडला. तुमच्या पेटीत पत्र पडून राहिलं आणि माझ्या हातात तो मेला आकडा होता.

पुढच्या पत्रात मला बरं वाटेल असं एक अक्षर लिहू नका.

वहिनी


५ जून

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. बोलणी पोचली. दादाबद्दलचं पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे.

बरं वाटेल असं लिहू नका म्हणालात, ते मला वाटलं त्यापेक्षा अवघड आहे. सवय नाही. आमच्याकडे फसलेले प्रयोग कोणी छापत नाही. दहा प्रयोग केले की नऊ फसतात, दहावा छापतात. फसलेल्यांचं कोणाला कळत नाही, त्यामुळे दुसरा कोणी तिकडे तेच नऊ पुन्हा करतो आणि पुन्हा फसतो. माझी सगळी यादी वाचली तर कोणालाही वाटेल की हा माणूस आयुष्यात कधी चुकला नाही. पत्रंही मी तशीच लिहीत आलो. तुम्हीही. आपण दोघांनी एकमेकांना फक्त छापण्याजोगं कळवलं, आणि मग दोघांनी आपापल्या घरी तोच प्रयोग फसवला.

तेव्हा हे न छापण्याजोगं. सकाळी उठलो की काय करायचं ते मला कळत नाही. टेबलाशी जातो कारण तिथे जायचा रस्ता पायाला माहीत आहे. तिथे कोणी माझी वाट बघत नाही, झेरॉक्स काढायला येणारी मुलं मला झेरॉक्सवालाच समजतात, कागद अडकला की बोलावतात. मी काढून देतो. त्यातली एक मुलगी परवा माझ्याच लेखाची प्रत काढत होती. मी मशीनमध्ये कागद घालून दिला. तिने पहिलं पान आणि शेवटचं पान काढलं, मधली सोडली.

आजारपणानंतर मला भीती वाटते. न्हाणीघराचं दार आतून लावत नाही. खालच्या औषधवाल्याकडे रोज काहीतरी घ्यायला जातो, खोकल्याच्या गोळ्या घरात ढिगाने साठल्या आहेत. तो विचारतो, काका, आज कसं आहे? तेवढ्यासाठी जातो. पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. राहायची ही जागाही संस्थेची, ती वर्षअखेर सोडावी लागेल.

पत्र लिहून झाल्यावर वाटलं की हे पाठवू नये. पाठवतो आहे. तुमचं न छापलेलंही लिहा. सूनबाई चांगली आहे आणि नात गोड आहे, हे मी धरून चालतो, ते वगळून लिहा.

तुमचा,
धाकटा


१६ जून

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद.

पत्र घरात कोणी नसताना वाचलं. झेरॉक्सवाल्याचं वाचून हसले आणि मग बराच वेळ हसू आलं नाही. दोन पानांची प्रत काढणाऱ्या त्या मुलीला पुढच्या वेळी सांगा, मधली पानं माझी आहेत म्हणून. काय होईल, फार तर लाजेल.

आता माझं. सूनबाई आणि नात वगळली तर उरतं ते असं. जेवायला सगळे एकत्र बसतात. तिघंही बोलतात, मला ओठ हलताना दिसतात. सुरुवातीला मी काय, काय म्हणून विचारायचे. बंड्या मोठ्याने सांगायचा, पण तोवर गोष्ट पुढे गेलेली असायची आणि सगळ्यांना थांबावं लागायचं. ते थांबणं मला नको वाटतं. म्हणून आता मी सगळे हसले की हसते. आई आता छान रमली, असं बंड्या परवा कोणाला तरी फोनवर म्हणाला. ते नेमकं मला ऐकू आलं.

मला कोणी हाक मारत नाही. ऐकू येत नाही म्हणून खांद्याला हात लावतात. माझं नाव ऐकून किती दिवस झाले ते मला आठवत नाही. यांच्याबरोबर मला हाक मारणारं माणूस गेलं, हे मी रडगाणं गात नाही, तुम्ही लिहा म्हणालात म्हणून लिहिते. ती जागा सोडली नसती तर बरं झालं असतं, आणि तुम्ही त्या पांढऱ्या खोलीत न बोलता बसला असतात तरी मला घरात माणूस आहे असं वाटलं असतं. हे मी मार्चमध्येच लिहायला हवं होतं. तेव्हा 'सहज विचारते' असं लिहिलं. सहज काही नव्हतं.

बंड्याशी तुमच्याबद्दल बोलले. तो म्हणाला, जवळपास काकांना एखादी खोली मिळते का बघतो. बघतो म्हणाला आहे, भाऊजी, तुम्ही त्यावर फार विसंबू नका. मीही विसंबत नाही. पण वर्षअखेरपर्यंत मी त्याला दर रविवारी आठवण करणार आहे, त्यासाठी ऐकू यायची गरज नाही.

कॉम्प्युटर इथे आणला होता तो अजून खोक्यात आहे. काढणार नाही. तुमचा आकडा वाढत राहील, तुम्ही गेलात तरी वाढेल, कोणीतरी पहिलं आणि शेवटचं पान वाचून तुमचं नाव लिहीतच राहील. त्याचं मला आता काही वाटत नाही. वाटतं ते वेगळंच. माझ्या नावाचं तर कुठे पानसुद्धा नाही. उद्या मला काही झालं तर इथे तीन माणसं आहेत, ती सगळं नीट करतील. पण तुम्हाला कळवायचं त्यांच्या लक्षात राहील असं मला वाटत नाही. तुम्ही कार्यबाहुल्याने गप्प असता हे त्यांना माहीत आहे, तुम्ही माझ्या पत्राची वाट बघता हे माहीत नाही. तेव्हा पत्र आलं नाही तर मी कामात असेन असं समजू नका. मला इथे काही काम नाही.

उत्तर लवकर लिहा. आणि पाकिटावर माझं पूर्ण नाव घाला, बंड्याच्या नावाच्या खाली नको.

तुमची,
वहिनी